पोट आवळून धरू नका, ताई

प्रश्न: मॅडम, माझं वय ४६. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते, घरीच शिवणकाम करते. ब्लाउज आणि शाळेचे गणवेश. तीन वर्षं झाली, कंबर धरतेय. लग्नसराईत फारच वाढतं. कधी कधी उजव्या कुल्ल्यापर्यंत कळ जाते, त्याच्या खाली नाही. एमआरआय काढला, त्यात कमरेच्या एल-४, एल-५ या मणक्यांमध्ये डिस्क बल्ज लिहिलंय. पट्टा दिलाय, तो दिवसभर बांधते. कोअरचे व्यायाम कर असं मैत्रिणीनं सांगितलं म्हणून मोबाईलवर बघून एक मिनिटाचा प्लँक केला, पालथं होऊन कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरायचं ते. तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. जाऊबाई म्हणतात, गादी सरकलेल्यानं व्यायाम करायचाच नसतो. पूर्वी दहा किलोचं दळण मी स्वतः गिरणीत न्यायचे, आता पोराला सांगावं लागतं. दिवसभर आठवणीनं पोट आत ओढून बसते, तरी फरक नाही. हे कोअरचे व्यायाम करू की नको? मशीन सोडावं लागेल का?

उत्तर: ताई, करा. व्यायाम नक्की करा. फक्त सुरुवात प्लँकपासून नको, आणि ते दिवसभर पोट आत ओढून बसणं आजपासून बंद. मशीन सोडायचं काही कारण मला तुमच्या पत्रात दिसत नाही.

पण आधी काही गोष्टी विचारते, कारण त्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखा वाटतो का? मांड्यांच्या मधला भाग, सायकलच्या सीटवर टेकतो तो, बधिर वाटतो का? चालताना पाऊल घसटतं, चप्पल पायातून निसटते, असं काही? यातलं एक जरी असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. संध्याकाळी बारीक ताप येतो, कारण नसताना वजन उतरतंय, रात्री स्वस्थ पडलेलं असतानाही दुखून जाग येते, असं असेल तरीही डॉक्टरांना दाखवायला हवं. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून दिसतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो. पूर्वी कधी कॅन्सर झाला असेल, बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील किंवा पडल्यापासून दुखणं सुरू झालं असेल, तरी आधी डॉक्टर. यातलं काहीच नसेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

जाऊबाईंच्या ‘गादी सरकली’ या शब्दापासून सुरू करते, कारण या एका शब्दानं मी माणसं घाबरून अंथरुणाला खिळलेली पाहिली आहेत. मणक्यांमधली गादी, म्हणजे रिपोर्टातली डिस्क, ओल्या साबणाच्या वडीसारखी निसटत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट जोडलेली असते. बल्ज म्हणजे तिची कड थोडी बाहेर फुगलेली. रोज नेसलेल्या सुती साडीचा काठ वापरून मऊ पडतो, तसंच काहीसं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांना बल्ज होता आणि पन्नाशीतल्या साठ टक्क्यांना. हे सगळे न दुखणारे लोक, बरं का. त्यामुळे तुमच्या रिपोर्टातली ती ओळ वाचून मला धक्का बसला नाही, तुम्हीही घाबरू नका. तुमचं दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. दुखणं खरंच आहे. पण ते त्या बल्जमुळंच आहे असं नुसत्या फिल्मवरून खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. शिवाय कळ गुडघ्याखाली उतरत नाही, ही चांगली गोष्ट आहे. नस दबल्याची शंका त्यामुळं बरीच कमी होते.

आता हे ‘कोअर’ काय प्रकरण आहे ते बघू. तुम्ही पोट का ओढून बसता, त्याचं मूळ यातच आहे.

पोटाच्या भिंतीत सगळ्यात आत एक आडवा स्नायू असतो. पुढून मागे कमरेला वेढा घालणारा, पट्ट्यासारखा. पाठीमागे मणक्याला मणका जोडणारे छोटे छोटे स्नायू असतात, त्यांना मल्टिफिडस म्हणतात. वर श्वासाचा पडदा आणि खाली लघवी रोखताना आपण जो भाग आवळतो तो ओटीपोटाचा तळ. अशी चारही बाजूंनी बंद असलेली ही एक पेटी आहे. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी एक प्रयोग केला. माणसाला उभं करायचं, खूण झाली की झटकन हात वर करायला सांगायचं, आणि कुठला स्नायू कधी जागा होतो ते बारीक तारा लावून मोजायचं. ज्यांची कंबर दुखत नव्हती त्यांच्या पोटातला तो आडवा स्नायू हात हलायच्या आधीच कामाला लागलेला दिसला. कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा जागा होत होता. त्याच वर्षी त्याच विद्यापीठातल्या ज्युली हाइड्स यांनी दाखवलं की कंबर दुखायची थांबली तरी पाठीतला मल्टिफिडस आपोआप पूर्ववत होत नाही, त्याला व्यायाम द्यावा लागतो.

शोध सुंदर होता. पण तो जिमपर्यंत आणि मोबाईलपर्यंत पोचेतो त्याचा अर्थच बदलला. मुद्दा होता वेळेवर जागं होण्याचा, तोही हळूच आणि नकळत. लोकांनी त्याचं केलं, पोट घट्ट आवळा आणि आवळूनच ठेवा. मीही प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत पेशंटना सांगायचे, बसताना पोट आत, उठताना पोट आत, भांडी घासतानाही पोट आत. ते चुकलं. आज मी कुणालाही असं सांगत नाही.

का नाही, ते सांगते. माझ्याकडे जुनी कंबरदुखी घेऊन कुणी आलं की बोलता बोलता मी हातातलं पेन खाली पडू देते आणि ते उचलायला सांगते. माझी नजर पेनाकडे नसते, त्यांच्या चेहऱ्याकडे असते. दहातले आठ जण आधी श्वास कोंडतात. मग ओठ आवळतात, एक हात टेबलावर, एक मांडीवर, आणि कमरेत लाकडी फळी घातल्यासारखे खाली जातात. एका पेनासाठी! ही कंबर ढिली नाही हो, ही कंबर दिवसभर पहारा देतेय. मूठ दिवसभर आवळून धरली तर संध्याकाळी मनगट दुखेल की नाही? तुम्ही तीन वर्षं पोट ओढून, वरून पट्टा बांधून मशीनवर बसताय. ते स्नायू थकलेत, ताई.

म्हणून पहिला व्यायाम सोडून देण्याचा. सतरंजी टाका, उताणं झोपा, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर टेकवा. एक हात छातीवर, एक पोटावर. नाकानं श्वास घ्या, पोटावरचा हात वर येऊ द्या. तोंडानं फुंकर मारल्यासारखा श्वास सोडा. बस, एवढंच पाच मिनिटं. पहिल्या दिवशी पोटावरचा हात हलणारच नाही कदाचित. दोन-तीन दिवसांत हलेल.

मग त्याच स्थितीत, कमरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांच्या दोन बोटं आत आणि जराशी खाली, बोटांची टोकं ठेवा. श्वास सोडता सोडता बेंबीखालचं पोट हळूच आत घ्या, परकराची नाडी बांधताना घेतो तेवढंच. बोटांखाली कापड ताणल्यासारखं हलकं ताठ लागलं पाहिजे. बोटं जोरात बाहेर ढकलली गेली तर तुम्ही फार जोर लावलाय. दहा सेकंद धरा आणि त्या दहा सेकंदांत मोठ्यानं आकडे मोजा. आकडे मोजता आले म्हणजे श्वास चालू आहे. दहा वेळा करा आणि सोडून द्या. हा धडा सतरंजीवरचा आहे, तो मशीनवर न्यायचा नाही. सतरंजीवर शिकलेलं शरीर आपापलं वापरतं.

आठवडाभरानं ओणवं व्हायचा व्यायाम घ्या. तळहात खांद्यांखाली, गुडघे कुल्ल्यांखाली. मुलीला किंवा मुलाला सांगा, कमरेवर आडवं लाटणं ठेव. आता उजवा पाय मागे सरळ सरकवा, बोटं जमिनीला टेकलेलीच राहू देत. लाटणं जागेवर आहे का? मग पाय उचला, कुल्ल्याच्या उंचीपर्यंत, त्याहून वर नाही. तेही जमलं की डावा हात पुढे. पाय उचलताना कंबर एका बाजूला कलली की लाटणं लगेच घरंगळतं, वेगळं कुणी सांगायला लागत नाही. माझ्या क्लिनिकमध्ये एक लाटणं कायमचं याच कामाला ठेवलेलं आहे. आठ-दहा सेकंद धरा, मग बाजू बदला. आधी प्रत्येक बाजूला सहा वेळा, थोडं थांबून चार वेळा, मग दोन वेळा.

मग कुशीवरचा व्यायाम. एका कुशीवर या, कोपर खांद्याच्या बरोबर खाली, गुडघे वाकवलेले. गुडघा आणि कोपर टेकवून कुल्ला वर उचला. दहा सेकंद. याला ताकद लागते, म्हणून सुरुवातीला दोन्हीकडे तीन-तीन वेळाच. खांदा दुखत असेल तर भिंतीला कोपर लावून उभ्या उभ्या करा. आणि शेवटचा तुम्हाला ठाऊकच असेल, उताणं झोपून, गुडघे वाकवून कुल्ले वर उचलायचे, योगवर्गात सेतुबंधासन म्हणतात ते. त्याबद्दल फार सांगत नाही, फक्त कुल्ल्यांनी उचला, कमरेनं कमान करू नका.

दहा सेकंदांवर मी एवढी का अडून बसले आहे? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅगिल यांनी मणक्यावर येणारा भार आयुष्यभर मोजला. ओणवं आणि कुशीवरचं, हे दोन्ही व्यायाम त्यांनी कंबरदुखीवाल्यांसाठी सुचवलेल्या तीन व्यायामांपैकीच आहेत. त्यांचं म्हणणं, एका दमात फार वेळ ताणू नका, थोडा वेळ धरा, सोडा, परत धरा. दमलेला स्नायू सोंग करायला लागतो, काम दुसऱ्याच कुणावर ढकलतो. तुमचा एक मिनिटाचा प्लँक आठवून बघा. पहिले पंधरा सेकंद पोटानं काम केलं असेल. पुढची पंचेचाळीस सेकंद श्वास कोंडलेला, कंबर खाली लोंबलेली आणि नजर घड्याळावर. त्यानं तुमची गादी फाटली वगैरे काही नाही. तीन वर्षं सवय नसलेल्या अंगावर एकदम लादलं, म्हणून ते भडकलं आणि नंतर शांत झालं.

दुखण्याचं काय करायचं, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण मनात असणार. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, असे आकडे मनात धरा. तीनपर्यंत गेलं तर करत राहा. पाचच्या वर गेलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यापेक्षा जास्त धरलेलं वाटलं, तर बंद करू नका, निम्मं करा. दहाचे पाच. कळ कुल्ल्यावरून खाली गुडघ्याच्या पलीकडे उतरायला लागली तर मात्र थांबा आणि फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा. खरं म्हणजे एकदा तरी दाखवाच. पत्रातून मला तुमचं ओणवं होणं दिसत नाही.

एक गोष्ट लपवणार नाही. कोअरचे व्यायाम म्हणजे जादू नव्हे. १९९६ नंतर जगभर यावर चाचण्या झाल्या आणि २०१६ साली कोक्रेन या संस्थेनं त्यांचा आढावा घेतला. काहीच न करण्यापेक्षा हे व्यायाम बरे, पण दुसऱ्या कुठल्याही व्यायामापेक्षा फार सरस आहेत असं दिसलं नाही. मला यात निराश होण्यासारखं काही वाटत नाही. उलट तुम्हाला निवडीला वाव मिळतो. योगवर्ग आवडत असेल तर तो, चालणं आवडत असेल तर ते. मी कोअरपासून सुरुवात करायला सांगते कारण ते सतरंजीवर होतं, हळू होतं, आणि घाबरलेल्या माणसाला आपली कंबर हलते, मोडत नाही, हे त्यातून पहिल्यांदा कळतं.

आणि चाला. हे मनापासून सांगते. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालायला लावलं आणि फिजिओथेरपिस्टनं अधूनमधून मार्गदर्शन केलं. चालणाऱ्यांमध्ये दुखणं परत यायला मधला काळ २०८ दिवसांचा होता, बाकीच्यांमध्ये ११२. तुम्ही दहा मिनिटांपासून सुरू करा. सकाळी पाणी भरून झाल्यावर किंवा दिवेलागणीला, जेव्हा जमेल तेव्हा.

पट्ट्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पट्टे आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ओढून ताण देणं, यांची शिफारस त्यांनी केलेली नाही. व्यायामाची आणि समजावून सांगण्याची केली आहे. तुम्हाला पट्टा ज्यांनी दिला त्यांनी दुखणं जोरात असताना आधार म्हणून दिला असेल, त्यात चूक नाही. पण तो तीन वर्षांचा सोबती व्हायला नको होता. एकदम काढून फेकू नका. पहिल्या आठवड्यात घरात वावरताना काढा आणि मशीनवर बांधा. दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या कामाला काढा. महिनाभरात तो कपाटात गेला पाहिजे.

आता मशीन. बसायची एकच बरोबर पद्धत असं काही नसतं, एकाच पद्धतीत तासन्‌तास बसणं त्रासाचं असतं. तुमच्या कामात देवानंच एक घंटा ठेवली आहे, बॉबिन. बॉबिन संपली की बसल्या जागी भरू नका. उठा, दोन्ही हात कमरेवर ठेवून चार वेळा मागे वाका, दारापर्यंत जाऊन या, मग भरा. इस्त्री आणि कापणी उभ्यानं, उंच टेबलावर. जमिनीवर ओणवं बसून कापड कापायची सवय असेल तर ती बदला. स्टुलाऐवजी पाठ असलेली खुर्ची घ्या आणि उजेड डाव्या बाजूनं सुईवर येईल असा दिवा लावा, म्हणजे मान आणि कंबर पुढे झुकणार नाही. पायमशीन असेल आणि परवडत असेल तर मोटर बसवून घ्या.

लग्नसराईत दुखणं वाढतं असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवसांत तुम्ही झोपता किती? ब्लाउज आज हवा म्हणून दारात उभ्या राहणाऱ्या बायका, रात्री एकपर्यंत हूक-काज, सकाळी पाचला पाणी. झोप मोडली आणि जीव टांगणीला लागला की तीच कंबर दुप्पट दुखते. हा मनाचा खेळ नव्हे, शरीर असंच चालतं. पुढच्या सीझनला ऑर्डर घेताना तारीख चार दिवस पुढची सांगा. एवढा हक्क तुम्हाला आहे.

सहा आठवडे झाले, लाटणं पडेनासं झालं, की दळणाकडे वळा. मला तुमच्या पत्रातली तीच ओळ सगळ्यात जास्त लागली. तीन किलो तांदूळ एका पिशवीत भरा. पिशवी दोन्ही पावलांच्या मध्ये ठेवा, लांब नको. कुल्ले मागे न्या, गुडघे थोडे वाकवा, पिशवी धरा आणि श्वास सोडत उभ्या राहा. पाठ थोडी वाकली तरी बिघडत नाही, ती वाकण्यासाठीच आहे. पोट मुद्दाम आवळायचं नाही. पाच वेळा उचला, पाच वेळा ठेवा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळ नेहमीसारखी गेली तर आठवड्यानं एक किलो वाढवा. नाही गेली तर तेवढ्यावरच आणखी आठवडाभर थांबा.

हिशेब केलात तर तीन-साडेतीन महिन्यांत दहा किलो होतात. त्या दिवशी गिरणीत पोराला सोबत न्या हवं तर, वाटेत एकदोनदा टेकवायला लागेल. पण डबा घरातून तुम्हीच उचला, आणि कसं झालं ते मला लिहून कळवा.